गुडघ्याच्या कापडाची बाही

आधीच सांगून टाकते, कापड मीच नेलं. कारखान्यातून, लुगड्यात पोटाशी गुंडाळून, आठ महिन्यांत सहा वेळा. चोरी म्हणायची तर खुशाल म्हणा. एकसष्ट वर्षांच्या बाईचं आता कोण काय वाकडं करणार? त्याची मला लाज नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती तोंडातून बाहेर काढायला जड जाते.

माझं नाव जानकीबाई. आम्ही म्हैसूरचे शिंपी, किती पिढ्यांचे ते विठ्ठलालाच ठाऊक. घरात मराठी बोलतो, पण निम्मी कन्नडच असते, हसायचं तर हसा. इथल्याच हेब्बाळच्या कारखान्यांच्या भागात रघूत्तम सारांचं शिलाईचं युनिट आहे, तिथं मी कटिंग मास्टर. ‘बाईमाणूस आणि मास्टर?’ म्हणून ज्यांनी नाकं मुरडली ते आज माझ्याच टेबलावर कापडाचे थर लावतात. पन्नास थर एकावर एक टाकून मी कापते आणि वरचा तुकडा खालच्यापेक्षा सुताभर मोठा निघत नाही. मिजास म्हणा, पण आहे ते आहे.

आधी आम्ही शाळांचे ट्रॅकसूट शिवायचो. मग त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई झाली, चार दिवस सगळे टीव्हीला चिकटले, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लष्कराची ऑर्डर आली. जवानांच्या गुडघ्यांवर घालायच्या ताणाच्या पट्ट्या, पँटीच्या आतून घालतात त्या. कापड हिरवट, जाड, रबरासारखं ताणणारं आणि सोडलं की जागच्या जागी येणारं. असलं कापड मी जन्मात हाताळलं नव्हतं. ताकेच्या ताके यायला लागले. रघूत्तम सारांनी नवी मशिनं घेतली, गेटावर दोन पहारेकरी ठेवले आणि कपाळाला रोज गंध लावायला लागले.

आणि दर शनिवारी चार वाजता युनिटच्या मागं होळी. उरलेली कातरण पोत्यात भरायची, वजन करायचं, आणि तपासणी अधिकाऱ्यासमोर जाळायची. बाहेर एक चिंधी जाता कामा नये, असा नियम. अय्यो, किती चांगलं कापड! चार-चार बोटांचे तुकडे जळताना मी मनात मोजत राहायची. पण लष्कराचं काम, आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून मी गप्प बसायची. तोंड घातलं ते अमूल्यामुळं.

अमूल्या म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलीची, सहनाची, मुलगी. बहीण गेली, तेव्हापासून सहनाला आई म्हणून मीच. तिचा नवरा भुवन त्याच हेब्बाळात एका कंपनीची बस चालवतो. दोघं कामाला, पोरगी नऊ वर्षांची. ऑगस्टमधली गोष्ट. न्हाणीत हंड्यातलं उकळतं पाणी काढायला गेली, पाय घसरला, आणि हंडाच उजव्या अंगावर आला. खांद्यापासून मनगटापर्यंत हात सोलून निघाला. मांडीची कातडी काढून हाताला लावली. सव्वा महिना पोर सरकारी इस्पितळात होती. त्या सव्वा महिन्याबद्दल मी काही सांगणार नाही.

सुटी देताना तिथल्या पावनीनं आम्हाला बसवून घेतलं. पावनी म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डातली थेरपीची मुलगी, तिशीची, बारीक, बोलायला खणखणीत. म्हणाली, जखम भरली म्हणजे सुटलात असं नाही. भाजलेली कातडी आता वर्षभर वाढत राहणार, जाड होणार, आखडणार. ती दाबून धरायला घट्ट बाही लागते. तेवीस तास घालायची, आंघोळीला काढायची, वर्ष-दीड वर्ष. नाही घातली तर कोपर वाकलेलं तसंच राहील.

"मग द्या की बाही," सहना म्हणाली.

पावनीनं मागच्या खोलीकडं बोट केलं. दाराला कुलूप. आत एक मशीन आणि एक टेबल. पूर्वी इथंच बाह्या शिवून फुकट मिळायच्या. दोन वर्षं मंजुरी आली नाही, कापड संपलं, शिवणारी गेली. पावनीचं कंत्राटपण महिनाअखेरीला संपत होतं. बंगळूरला विकत मिळतात, एकेक नऊ हजाराला, दर तीन महिन्यांनी नवी. सहनानं माझ्याकडं बघितलं. आपरेशनच्या खर्चात तिच्या गळ्यात काळी पोतसुद्धा राहिली नव्हती.

पावनीनं खणातून जुना तुकडा काढून दाखवला, असलं कापड लागतं म्हणून. मी तो हातात घेतला, ताणला, सोडला. आणि माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला म्हणता! रंग वेगळा, बाकी तेच. आमचंच गुडघ्याचं कापड. जे मी दर शनिवारी जळताना बघत होते ते.

"हे मी आणते," मी म्हटलं. "आणि शिवतेपण मीच."

पावनी खूश झाली. तिनं अमूल्याच्या हाताची दर दीड इंचावर मापं घेतली, कागदावर लिहून दिली. म्हणाली, "अज्जी, एक लक्षात ठेवा. दहा इंच माप असेल तर साडेआठ इंच कापायचं. हातापेक्षा बाही लहान पाहिजे. पोर रडेल, तरी लहानच. आणि शिवून झाली की मला दाखवायला या." मी हो म्हटलं. चाळीस वर्षं कातरी चालवणारीला ही पोरगी माप शिकवते म्हणून मनातून थोडी हसलेपण.

आधी सरळ मार्गानं गेले. रघूत्तम सारांकडं. त्यांनी हातच जोडले. "जानकम्मा, बेडा, नको. डिफेन्सचं काम आहे. एक चिंधी बाहेर गेली तर माझं नाव काळ्या यादीत जाईल, दीडशे बायका घरी बसतील." भित्रा माणूस, पण खोटं बोलत नव्हता. मग मी तपासणी अधिकाऱ्यांना गाठलं. येसाजीराव त्यांचं नाव, निवृत्त सुभेदार, बेळगावकडचे, मिशा भरघोस. युनिटमध्ये मराठी बोलणारं माणूस सापडलं म्हणून माझ्याशी रोज दोन शब्द बोलायचे आणि माझ्या मराठीची चेष्टा करायचे.

"साहेब, जे जाळताय त्यातलं हातभर मला द्या," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. "बाई, कापड सरकारचं. माझं असतं तर अख्खा ताका दिला असता."

"पोरगीपण सरकारचीच की. सरकारी इस्पितळातनं आणलीय."

"अर्ज द्या. मी वर पाठवतो."

"वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे... वर."

अर्ज दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, तेपण तोंडी. नाही. एका जवानाच्या दोन गुडघ्यांत अमूल्याचा हात निघत होता हो! आणि मी जवानाचं काढून मागतही नव्हते, जाळायचं तेवढंच मागत होते. माझं डोकं सणकलं ते त्या दिवशी.

मग मी थर लावायची रीत बदलली. तोपर्यंत तुकडे असे मांडायचे की कातरण सगळीकडं थोडीथोडी सांडायची. मी गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवून मांडले, म्हणजे एका काठाला अखंड पट्टा उरायला लागला, वीतभर रुंद, दोन हात लांब. कातरणीचं वजन तेवढंच, फक्त एका जागी. पन्नास थरांतला एक पट्टा मी काढायची. वजन भरायला काय? माझे जुने परकर. फाडून चिंध्या केल्या आणि पोत्यात तळाला कोंबल्या.

पहिल्याच शनिवारी घात झाला असता. पोतं उलटलं, आग लागली, आणि हिरव्या ढिगातून माझ्या लाल परकराची नाडी वर आली. येसाजीरावांनी ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं. त्यांनी काठी घेतली, नाडी आगीत खाली ढकलली, आणि वहीत वजन लिहून सही केली. एकूण सहा वेळा मी कापड नेलं, त्या माणसानं एकदाही तोंड उघडलं नाही. देव त्यांचं भलं करो.

बाही शिवली. पावनीनं सांगितल्याप्रमाणं, दहाला साडेआठ. पण आतल्या शिलाईत दोन बोटं कापड राखलं. का राखलं? सवयीनं. आमच्या घरात लहान मुलाचा कपडा कधी बेताचा शिवत नाहीत. वाढत्या अंगाचा शिवायचा. आज सैल झाला तर झाला, उद्या अंगाबरोबर बसेल. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, आणि चाळीस वर्षांत मी एका पोराचं झबलं घट्ट शिवलेलं नाही.

पावनीला दाखवायला गेले तर खोलीत कोणी नव्हतं. महिना संपला होता. दुसरं माणूस कधी येणार? "गोत्तिल्ला," शिपाई म्हणाला, म्हणजे माहीत नाही. तशीच घरी आले आणि संध्याकाळी सहनाच्या घरी जाऊन बाही चढवली.

पोर किंचाळली. बोटं पांढरी पडली म्हणून मी घाबरले. "अज्जी, चावतंय, काढ, काढ!" सहना स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभी राहिली, तिला बघवेना. अर्धा तास मी तग धरला. पोरीचे डोळे सुजले, नाक वाहायला लागलं, गळ्याला मिठी मारून म्हणते, "अज्जी, तू चांगली आहेस ना?" अहो, काय करायचं माणसानं? मी बाही काढली. शिलाई उसवली. आत दोन बोटं कापड होतंच. पिशवीतला सुईदोरा काढून पुन्हा शिवली. स्वल्प सैल केलं, एवढंच. चढवली तर पोरगी हसली. हात हलवून दाखवला. हिरव्या बाहीनं मला सलाम ठोकला.

सहना आतून आली. म्हणाली, "बसली?"

"बसली," मी म्हटलं. उसवलं ते सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असंच मला वाटलं होतं.

मग काय विचारता माझी ऐट! एकादशीच्या भजनाला बायका मला जागा करून द्यायला लागल्या. मी तर देवळात मोठ्यानं बोलायची. म्हणायची, सरकारला गुडघे दिसतात, हात दिसत नाहीत. कापड जाळायला पैसा आहे, पण एका पोरीच्या बाहीला नाही. मी एकटी म्हातारी जे करू शकते ते तुम्हाला का जमत नाही? बायका माना डोलवायच्या. तीन महिन्यांनी दुसरी बाही, मग तिसरी. प्रत्येक वेळी पोर चढवताना जरा कुरकुरायची आणि प्रत्येक वेळी मी जरा सैल करायची.

संक्रांतीनंतर कातडी वर यायला लागली. लाल, कडक, वळकट्या पडल्यासारखी. कोपर आधी पूर्ण सरळ व्हायचं, मग होईना. मी काय केलं ऐका. मी सहनाला धारेवर धरलं. "तू तेल चोळत नाहीस. व्यायाम घेत नाहीस. कामावरून येऊन मोबाईल बघत बसतेस. मी जीव धोक्यात घालून कापड आणते आणि तुला पोरीचा हात दाबायला वेळ नाही!" भुवनसमोर बोलले. शेजारणीसमोर बोलले. सहना पहाटे पाचला उठून तेल चोळायला लागली, दुकानातली नोकरी अर्ध्या वेळाची करून घेतली. पोरगी दुखतं म्हणून तिला लाथा मारायची, तरी ती चोळत राहायची. दोन महिने.

एप्रिलमध्ये कोपर काटकोनात अडकलं. अमूल्या डाव्या हातानं जेवायला लागली.

इस्पितळात नव्या डॉक्टरीण आल्या होत्या, शरण्या म्हणून. पोरगीच, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी बाही बघितली. मग अमूल्याला न सांगता बाहीच्या आत दोन बोटं घातली. मग चार. मग अख्खा पंजा आत गेला.

"हे कोणी शिवलं?"

सहना पटकन म्हणाली, "माझ्या मावशीनं." त्या दोन महिन्यांनंतरही तिच्या आवाजात अभिमान होता. तो मला अजून ऐकू येतो.

"ही फ्रॉकची बाही झाली," डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाल्या. रागावून नाही, थकून. "यानं काही दाबलं जात नाही. कापड अगदी बरोबर आहे, एवढं चांगलं कापड आमच्याकडेसुद्धा नाही. पण वाईट काय झालं सांगू? बाही अंगावर होती म्हणून इलाज चाललाय असं सगळ्यांनी धरलं. नसती तर तुम्ही दोन महिन्यांत इथं येऊन भांडला असता." आता आपरेशन. पुन्हा मांडीची कातडी. आणि हात सगळा उघडेल याची खात्री नाही.

बाहेर बाकावर बसलो. सहना हिशोब लावत होती. पावनीनं दीड इंच कमी सांगितलं होतं, मग पंजा आत कसा जातो? धुऊन सैल झालं असेल का, असं मलाच विचारत होती. हो म्हणता आलं असतं. तोंडावर आलंसुद्धा होतं.

"मी उसवली," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी. ती रडत होती म्हणून. तिन्ही बाह्या मी सैल केल्या."

मला वाटलं सहना ओरडेल, मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी पाचला उठत होते."

मी सरकारला अजून शिव्या देते, आणि देणारच. त्या कुलपाच्या खोलीत एक पावनी ठेवायला किती लागलं असतं? एका शनिवारी जळतं तेवढंसुद्धा नाही. पण कापड मी पोटाशी बांधून आणू शकले, पावनीला कुठं बांधून आणणार होते? ती टेप घेऊन समोर बसली असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, अज्जी, हे काय केलंत, पुन्हा शिवा. एवढं एक वाक्य म्हणायला कोणी नव्हतं. आणि मला विचारायचं सुचलं नाही, कारण मला सगळं येत होतं.

आपरेशन मे महिन्यात झालं. हात अर्ध्याहून थोडा जास्त उघडतो. डॉक्टर म्हणाल्या, एवढाच. आणि आता बाही घट्ट घातली नाही तर हेसुद्धा जाईल. पावनीला सहनानं शोधून काढलं. ती हेब्बाळातल्या एका मोठ्या कंपनीच्या आवारात खुर्चीवर बसून बसून मान आखडलेल्या लोकांना व्यायाम शिकवते. रविवारी सुटीच्या दिवशी आली, मापं घेतली, कापायच्या रेघा स्वतः मारून दिल्या. माझ्या ट्रंकेत पट्टे होते अजून. मी रेघेवर कापलं, आत कापड राखलं नाही, आणि पावनीनं शिलाई तपासून मान हलवली.

बाही चढवायची वेळ आली तेव्हा सहना म्हणाली, "मावशी, तू चढव."

"मी?"

"तूच. रोज सकाळी येऊन तूच चढवायचीस. मी हात धरते."

तिनं मागून पोरीला घट्ट धरलं. मी मनगटावरून बाही सरकवायला सुरुवात केली. कोपरापाशी आल्यावर अमूल्या ओरडली नाही आधी. माझ्याकडं बघून हळूच, गुपित सांगितल्यासारखी म्हणाली, "अज्जी, सैल कर ना. नेहमी करतेस तशी."

कातरी मी मुद्दाम घरी ठेवून आले होते. जवळ असती तर मी पुन्हा उसवली असती. मी माझी मला ओळखते. मी ओढत राहिले. मग ती ओरडली, लाथा मारल्या, माझ्या मनगटाचा चावा घेतला. रक्त आलं.

"आई, अज्जीला घरी पाठव! मला ती नको!"

"ती उद्यापण येणार आहे," सहना म्हणाली, माझ्याकडं न बघता.

मी बाही खांद्यापर्यंत ओढून नीट बसवली.